ओंबळेंनी कसाबला जिवंत पकडलं नसतं तर? दहशतवादाशी लढायचं म्हणजे नेमकं काय करायचं

जावळी_खोरं
रविवारी मेढ्याला पाहुण्यांकडं गेलो होतो, तिथनं केडंब्याला जाऊन आलो. तुकाराम ओंबळेंचं गाव. साताऱ्यात नाव सगळ्यांना माहितीय, पण गाव बघितलेले फार थोडे, मी पण पहिल्यांदाच गेलो. सोबत पुतण्या होता, नववीत आहे. येताना गाडीत म्हणाला, काका, त्यांच्याकडं बंदूक असती तर त्यांनी कसाबला तिथंच उडवला असता ना? मी हो म्हणणार होतो पण तोंडातच राहिलं. दोन दिवस डोक्यात तेच चाललंय म्हणून हा धागा.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. ओंबळे आधी सैन्यात होते, मग मुंबई पोलिसात, हातात फक्त लाठी. पळवलेल्या स्कोडातला कसाबचा साथीदार इस्माईल खान तिथंच मेला, कसाबनं एके-४७ काढली. ओंबळेंनी ती नळी दोन्ही हातानं धरली, पोटात गोळ्या गेल्या तरी सोडली नाही. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी कसाबला धरला.

आता विचार करा. दहा जण आले होते, नऊ मेले. दहावा पण मेला असता तर आपल्या हातात काय राहिलं असतं? त्यांच्याकडं हैदराबादच्या कॉलेजची खोटी ओळखपत्रं होती, त्यावर हिंदू नावं. मीडियाला मेल आला होता 'डेक्कन मुजाहिदीन' नावानं, म्हणजे हे इथलंच कुणीतरी आहे असं भासवायची पूर्ण तयारी. तो एक माणूस जिवंत सापडला म्हणून फरीदकोट कळलं, ट्रेनिंग कुठं झालं, कराचीतनं कसे निघाले, कुणी पाठवलं हे सगळं बाहेर आलं.

पहलगामनंतर सगळीकडं घुसून मारा एवढंच ऐकतोय. ७ मे २०२५ च्या रात्री, भारतानं पाकिस्तानातले तळ उडवले तेव्हा मी पण जागा होतो, मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ओंबळेंनी जे केलं त्याची खरी किंमत पुढं कोर्टात आणि जगात वसूल झाली, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही. तुम्हाला काय वाटतं?

पैलवान_कडेगाव
दादा ओंबळेंना दंडवत, त्यात दुमत नाही. पण पुराव्यानं काय झालं ते सांगा की. आपण पाकिस्तानला पुराव्यांची डॉसियर वर डॉसियर दिली. फेब्रुवारी २००९ ला त्यांच्याच गृहखात्याच्या रेहमान मलिकनं कबूल केलं की कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजला. मग? हल्ल्याचा सूत्रधार, लष्कर-ए-तोयबाचा लखवी २०१५ ला जामिनावर बाहेर. त्याच संघटनेचा म्होरक्या हाफिज सईद वर्षानुवर्षं सभा घेत फिरत होता.

आणि जिवंत पकडायचं म्हणता तर मसूद अझहर पण जिवंतच पकडला होता ना आपण. तुरुंगात होता. डिसेंबर १९९९ ला काठमांडूचं विमान पळवून कंदहारला नेलं आणि तिघांना सोडावं लागलं, त्यात हा. त्यानंतर त्याच्या जैश-ए-मोहम्मद संघटनेनं काय काय केलं, पठाणकोट, पुलवामा. पुलवामात ४० जवान गेले. त्या एकाला जिवंत ठेवायची किंमत कुणी मोजली? आमच्या कडेगाव-खानापूर पट्ट्यातली पोरं तिकडं बॉर्डरवर हायत, आम्हाला फाईली नको वाटत्यात.

जावळी_खोरं
पैलवान, कंदहारचा मुद्दा बरोबर आहे आणि माझ्याकडं त्याला गुळगुळीत उत्तर नाही. पण चूक कुठं झाली बघा. तो जिवंत होता ही चूक नव्हती. पकडला १९९४ ला आणि पाच वर्षात खटला तडीला नेला नाही, ही एक. आणि विमान अमृतसरला उतरलं होतं, तिथंच अडवता आलं असतं, ते निर्णय घेता घेता उडून गेलं, ही दुसरी. कसाबचं तसं झालं नाही. मे २०१० ला खालच्या कोर्टानं फाशी सुनावली, ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमल झाला. त्याला वकील दिला, साक्षीदार उलटतपासले, पायात गोळी लागलेली एक छोटी मुलगी कुबड्या घेऊन कोर्टात आली आणि बोट दाखवून ओळखलं. जगात कुणी म्हणू शकलं नाही की हा बनाव आहे.

आणि पुराव्यानं काहीच झालं नाही असं नाही. झालं, पण हळू झालं. इंजिनाचं उदाहरण घ्या. ज्या रबरी बोटीतनं ते कुलाब्याला उतरले तिला यामाहाचं इंजिन होतं. अमेरिकेच्या एफबीआयच्या मदतीनं त्याचा माग काढला तर पाकिस्तानात विकलेलं निघालं. मलिकनं जे कबूल केलं ते मनानं नाही, असल्या गोष्टी समोर आल्यावर.

दुसरं. हल्ला चालू असताना पलीकडनं फोनवर सूचना देत होते, ते इंटरनेटवरचे कॉल होते. त्या कॉलचं खातं चालू करायला इटलीतल्या ब्रेशिया गावातनं हल्ल्याच्या आदल्या दिवशी पैसे पाठवले गेले. किती? २२९ डॉलर. वर्षभरानं इटलीच्या पोलिसांनी तिथल्या मनी ट्रान्सफर दुकानातल्या बापलेकाला या संशयावरनं धरलं, ज्याच्या नावावर पैसे पाठवले तो माणूस इटलीत कधी आलाच नव्हता. १६६ माणसं गेली त्या हल्ल्यातला हा एवढासा धागा, एखाद्या मोबाईलच्या किमतीएवढा.

सुभेदार_अपशिंगे
सगळ्यांना रामराम. मी अपशिंगे मिलिटरीचा. गावाच्या नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात आमच्या गावची ४६ माणसं गेली. माझी सव्वीस वर्षं सर्व्हिस, त्यातली दोन टर्म राष्ट्रीय रायफल्स, कुपवाड्यात. पैलवान, तुमचा राग मला कळतो. तो राग मी खांद्यावर घेऊन हिंडलोय.

पण एक सांगतो. जंगलात गोळी चालवायचा वेळ दहा मिनिटं असतो. त्या दहा मिनिटांपर्यंत पोचायला दोन-दोन महिने लागतात, आणि ते दोन महिने सगळे माहितीवर जातात. माहिती कोण देतं? गावातला माणूस देतो. आम्ही मेडिकल कॅम्प लावायचो. एका म्हातारीच्या नातवाला ताप होता, आमच्या डॉक्टरसाहेबांनी तीन दिवस औषध दिलं, पोरगं बरं झालं. पुढं थंडीत आमची गस्तीची तुकडी नाल्याकडं चाललेली, तीच म्हातारी फिरनमध्ये (काश्मिरी झगा) कांगडी (निखाऱ्यांची शेगडी) धरून वाटेत उभी. आमच्याकडं बघितलं पण नाही, लाकडं उचलता उचलता एवढंच बोलली, आज उधर से मत जाना बेटा. आम्ही वाट बदलली. त्या नाल्यावर काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. आज मी नातवंडांत बसलोय तो त्या म्हातारीमुळं.

आपल्याच पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक साहेब, सैनिक स्कूल साताऱ्याचे. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ, म्हणजे प्रमुख होते. पॅरा एसएफचा, म्हणजे कमांडो माणूस, ऑपरेशनमध्ये सगळ्यात पुढं, आणि तोच माणूस तिथल्या पोरांना खेळाकडं, शिक्षणाकडं वळवायला धडपडायचा. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात शहीद झाले. तिथले काश्मिरी लोक रडले होते त्यांच्यासाठी. वहिनीसाहेब नंतर स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या, २०१७ ला. साहेबांना मारणं आणि जोडणं दोन्ही येत होतं. नुसतं एक येऊन भागत नाही.

सीमेपलीकडचे तळ उडवायचे तेव्हा उडवायचेच, त्याशिवाय समोरच्याला किंमत कळत नाही, उरीनंतर बालाकोटनंतर तो हिशोब बदललाय हे मी मानतो. पण तळ पुन्हा बांधता येतो, आणि त्यांनी बांधलेत.

पैलवान_कडेगाव
सुभेदारसाहेब तुमच्यापुढं मी काय बोलणार. म्हातारीचं वाचून अंगावर काटा आला. पण तळ पुन्हा बांधायला पैसा येतो कुठनं, तो का नाही तोडत कुणी?

विट्याची_सून_कोईमतूर
पैशाचा विषय निघाला म्हणून लिहिते, एरवी मी नुसती वाचत असते.

आमचा गलाईचा धंदा आहे. बाहेरच्यांना सांगते, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातली माणसं भारतभर सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात, केरळपासून आसामपर्यंत कुठल्याही शहराच्या सराफ गल्लीत जा, गल्लीच्या टोकाला विटा-आटपाडीकडचं दुकान सापडतं. सोनार जुनं सोनं देतो, आम्ही मुशीत वितळवायचं, ॲसिडमध्ये शुद्ध करायचं, टंच (शुद्धता) काढायचा, परत द्यायचं. भट्टीपुढं आमची माणसं आयुष्य काढतात. इज्जतीचा धंदा आहे.

पण सोनं म्हटलं की रोख आली, आणि रोख आली की नको ती माणसं येतात. चार-पाच वर्षांपूर्वी एक जण यायला लागला. रोज थोडं थोडं सोनं, प्रत्येक वेळी दोन लाखाच्या आत, कारण दोन लाखाच्या वर रोख घेता येत नाही हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत. बोलायला गोड. आठवड्यानं म्हणाला, शेठ, सोन्याचे पैसे मला नका देऊ, तुमची माणसं हैदराबादला आहेत ना, तिथं एक जण येईल, त्याच्या हातात या नंबरची दहाची नोट असेल, नंबर जुळला की द्या, तुमचा टक्का ठेवा. आणि एका नोटेचा फोटो दाखवला, चुरगळलेली दहाची नोट. बस्स, कागद नाही, सही नाही, नाव नाही. हाच हवाला. पैसे इथनं तिथं प्रवासच करत नाहीत, दोन दुकानदारांचा एकमेकावरचा विश्वास तेवढा प्रवास करतो.

सासऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि हात जोडले. मी विचारलं, कशाचा पैसा असेल हो? ते म्हणाले, मटक्याचा असेल, टॅक्स चुकवलेला असेल, कशाचा पण असेल, ज्या पैशाला नाव विचारायची सोय नाही तो आपल्या गल्ल्यात नको. मला एवढंच म्हणायचंय, दहशतवाद्याचा पैसा वेगळ्या रंगाचा नसतो. तो याच वाटेनं, टॅक्सचोराच्या पैशात मिसळून जातो. वाट बंद केली तरच तो अडतो.

बँकवाली_सांगली
ताई तुम्ही फार मोठी गोष्ट सोप्या शब्दात सांगितली. मी एका सहकारी बँकेत पंधरा वर्षं आहे, काउंटरपासून आता केवायसी आणि संशयास्पद व्यवहाराच्या रिपोर्टिंगपर्यंत आलेय.

पैलवान दादा, पैसा कोण तोडतं विचारलंत ना. एफएटीएफ नावाची संस्था आहे, पॅरिसला, १९८९ ला मनी लाँडरिंगसाठी स्थापन झाली, अमेरिकेवरच्या ९/११ नंतर दहशतवादाचा पैसा हे कामपण तिच्याकडं आलं. तिच्याकडं ना पोलीस आहेत ना तुरुंग. ती फक्त यादी काढते. जून २०१८ ला पाकिस्तान ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या यादीत गेला, ऑक्टोबर २०२२ ला बाहेर आला, मधली चार वर्षं ३४ मुद्द्यांची यादी समोर ठेवून दर काही महिन्यांनी विचारायचे, हे केलं का, ते केलं का. ग्रे लिस्टमध्ये देश असला की बाहेरच्या बँका त्याच्याशी व्यवहार करताना दहा वेळा तपासतात, कर्ज आणि गुंतवणूक अवघड होते. आणि याच चार वर्षात हाफिज सईदला तिथल्याच कोर्टानं शिक्षा सुनावली, २०२० ला, गुन्हा कुठला? टेरर फंडिंग. २००८ पासून आपण ओरडत होतो तेव्हा नाही झाली. यादीतनं सुटायच्या आधी २०२२ ला साजिद मीरला पण शिक्षा झाली, फोनवरनं हल्ला चालवणाऱ्यांतला हा मुख्य.

मनापासून केलं का? नाही. यादीतनं सुटल्यावर पकड ढिली झाली असं मला स्पष्ट दिसतं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणूनच दाब सोडायचा नसतो.

आता आपली बाजू. आपल्या इथं दहा लाखाच्या वरच्या रोखीचा आणि कुठल्याही रकमेच्या संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट दिल्लीत फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला जातो. कागदावर चोख. प्रत्यक्षात काय होतं सांगते. कॉलेजचं पोरगं येतं, खातं काढतं, शिक्षणासाठी म्हणून. तीन महिन्यात त्या खात्यात परराज्यातनं वीस वेळा पैसे येतात आणि दहा मिनिटात एटीएमनं निघून जातात. बोलावलं की रडायला लागतं, मॅडम एकानं पाच हजार दिले, एटीएम कार्ड आणि सिम त्याच्याकडं आहे. भाड्यानं खातं! बहुतेक वेळा तो ऑनलाइन फसवणुकीचा पैसा असतो. पण ब्रेशियाचे २२९ डॉलर आठवा, तिथं पण कुणाचं तरी नाव वापरलं होतं.

आणि १९९३ चे मुंबईचे स्फोट विसरू नका. रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं तेव्हा आपल्याकडं कस्टम नव्हतं का, पोलीस नव्हते का? होते. काहींनी पैसे घेतले, चांदी असेल म्हणून डोळे मिटले, कोर्टात शिक्षा झाल्या त्यांना. २५७ माणसं गेली.

वकील_कराड
चांगला धागा. कायद्याच्या बाजूचं थोडं.

सगळ्यात पहिली अडचण अशी की जगात दहशतवाद म्हणजे काय याची एकमतानं ठरलेली व्याख्याच नाही. भारतानं १९९६ ला संयुक्त राष्ट्रांत सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, अजून लोंबकळतोय, एकाचा अतिरेकी तो दुसऱ्याचा स्वातंत्र्यसैनिक हा वाद संपत नाही. मसूद अझहरला संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत टाकायला आपल्याला १ मे २०१९ उजाडला, चीन दर वेळी आडवा पडायचा. पण व्याख्या नसली तरी माणूस मिळवता येतो. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा अमेरिकेत होता, कोर्टामागून कोर्ट लढला, शेवटी १० एप्रिल २०२५ ला भारतात आणला. सतरा वर्षं. हे लढाऊ विमानं पाठवून झालं नाही, तिथल्या न्यायाधीशापुढं टिकतील असे कागद देऊन झालं. त्याच कटातला अबू जुंदाल २०१२ ला सौदीनं दिला, पाकिस्तानचा दबाव असताना, कारण तो बीडचाच आहे हे आपण घरच्यांच्या डीएनएवरून सिद्ध केलं.

आता कडू बोलतो. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या २००६ च्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांना हायकोर्टानं निर्दोष सोडलं. सुप्रीम कोर्टानं त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला द्यायला स्थगिती दिली, विषय तिथं आहे. त्याच महिन्याच्या शेवटी मालेगाव २००८ चे सातही सुटले. कोण खरंच दोषी हा वाद इथं नको, धर्मावर जाईल. पण एकोणीस वर्षांनी, सतरा वर्षांनी जर कबुलीजबाब टिकत नसेल, ओळखपरेड टिकत नसेल, पंचनाम्यात भोकं असतील, तर ज्यांची माणसं डब्यात गेली त्यांच्यासाठी उत्तर काय? २६/११ नंतर एनआयए ही राष्ट्रीय तपास संस्था काढली, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक केला, चांगलं झालं. पण मी रोज कोर्टात बघतो, कायदा कितीही कडक असू द्या, जागेवर पहिल्या तासात हवालदार काय उचलतो, कशात घालतो आणि सील करतो का नाही यावर पुढची वीस वर्षं ठरतात. त्याला ट्रेनिंग कुठाय? त्याला प्लास्टिकच्या पिशव्या पण पदरच्या आणाव्या लागतात.

मिरज_मास्तर
वकीलसाहेबांनी धर्म नको म्हटलं, ते ठीकच, पण मला थोडं बोलावं लागेल, कारण मी मिरजेत शिकवतो आणि २००९ ची दंगल मी दारातनं बघितलीय. एका कमानीवरच्या चित्रावरनं पेटलं आणि सांगली, कोल्हापूरपर्यंत गेलं. माझ्या वर्गात शेजारी बसणारी पोरं चार महिने एकमेकांशी बोलत नव्हती.

दहशतवाद्याला नेमकं हेच पाहिजे असतं. बॉम्बनं जेवढी माणसं मरतात त्यापेक्षा जास्त काम नंतरचा संशय करतो. एक गोष्ट माझ्या पोरांना मी दरवर्षी सांगतो, २६/११ च्या नऊ अतिरेक्यांना मुंबईतल्या मुस्लिम दफनभूमीच्या लोकांनी जागा द्यायला नकार दिला होता, हे आमचे नव्हेत म्हणून. मृतदेह वर्षभर शवागारात पडून होते. केवढी मोठी गोष्ट आहे ही! ज्या समाजातनं भरती करायची स्वप्नं पलीकडचे बघतात त्याच समाजानं तोंडावर दार लावलं.

२०१४ ला कल्याणची चार पोरं आयसिसकडं इराकला गेली. शिकलेली पोरं. ती कुठल्या तळावर बिघडली नाहीत, मोबाईलवर बिघडली. अशी पोरं आधी कुणाला कळतात? आईला कळतं, मित्राला कळतं, मास्तरला कळतं. आता ती आई पोलिसात जाईल का? पोरगं समजावून परत मिळेल असं वाटलं तरच जाईल. आपल्या एटीएसनं, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकानं अशा कित्येक पोरांना घरच्यांना आणि मौलवींना सोबत घेऊन माघारी आणलंय, त्याची बातमी होत नाही. सुभेदारसाहेबांची म्हातारी आणि ही आई मला एकच वाटतात.

जावळी_खोरं
गुरुजी, वकीलसाहेब, खूप शिकायला मिळालं. एक भर घालतो. एप्रिल २०१९, श्रीलंकेत ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेच्या वर माणसं गेली. भारतानं त्यांना आधीच कळवलं होतं, चर्चवर हल्ला होणार म्हणून, संघटनेच्या नावासकट. कागद इकडनं तिकडं फिरला आणि पडून राहिला. पुढं त्यांच्या सुप्रीम कोर्टानं माजी अध्यक्षांनाच भरपाई भरायला लावली. २६/११ च्या आधी आपल्याकडं पण इशारे आले होते की. माहिती मिळवायला जेवढी अक्कल लागते तेवढीच ती खालच्या ठाण्यापर्यंत वेळेत पोचवायला लागते.

पैलवान, तुमचं काय म्हणणं?

पैलवान_कडेगाव
माझं म्हणणं बदललं नाही पूर्ण. हाणायचं तेव्हा हाणलंच पाहिजे. पण ते यादीचं आणि सईदच्या शिक्षेचं मला माहीत नव्हतं, ते मान्य. आणि खरं सांगू, भाड्याच्या खात्याचं वाचल्यापासनं मला झोप नाही. बँकवाल्या ताई, माझ्या बहिणीचं पोरगं सांगलीत हॉस्टेलला असतं. दिवाळीत नवा फोन घेऊन आला, विचारलं तर म्हणाला मित्राला माझं खातं वापरायला दिलंय, त्यानं सहा हजार दिले. आम्ही हसलो तेव्हा. आता काय करावं?

बँकवाली_सांगली
दादा, आधी त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर तो चॅट डिलीट करेल. फोन त्याच्याकडनं घ्या, त्या मित्राशी झालेलं सगळं बोलणं तसंच ठेवा, स्क्रीनशॉट काढा. ज्या शाखेत खातं आहे तिथं त्याला घेऊन जा, लेखी अर्ज द्या की कार्ड आणि सिम दुसऱ्याकडं आहे, खातं गोठवा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. सिम मोबाईल कंपनीकडनं बंद करा. तिथनं सरळ सायबर पोलिसांकडं, स्वतःहून. स्वतःहून गेलेला पोरगा आणि शोधून आणलेला पोरगा यात फार फरक पडतो, वकीलसाहेब सांगतील.

वकील_कराड
शंभर टक्के. आणि ते सहा हजार खर्च झाले असले तरी अर्जात खरं लिहा. लपवू नका. पोलिसात जाताना मला फोन करा, मी सांगलीत असेन तर येतो.

पैलवान_कडेगाव
बहिणीला आत्ता फोन केला. रडतीय. उद्या सकाळच्या एसटीनं निघतोय.

बँकवाली_सांगली
दहाच्या आधी शाखेत पोचा, सोमवारी गर्दी असते. पासबुक, आधार आणि खातं काढताना दिलेला फोन नंबर लक्षात ठेवून या.